निष्क्रिय खात्यातील शिल्लक



गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. बाजाराच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस होता. दिवस मावळण्यापूर्वीचे जेवण आटोपून आमच्या गावातील एक कापड व्यापारी सपत्नीक घरी आले. मी शाखेत असल्यापासूनचा आमचा स्नेह. दोघांचे चेहरे पाहून मला वाटले, कर्जाच्या एखाद्या कागदाचे काम असावे. वहिनींनी पिशवीतून काढले ते मात्र मुलीचे प्रगतिपत्रक.

मुलगी सातवीत शिकते. मी पत्रक पाहिले. गणितात उत्तम, विज्ञानात उत्तम, भाषेतही चांगले गुण. शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द होते : ‘शांत, समाधानकारक.’

“यात काळजीसारखे काय आहे?” मी विचारले.

“गुण पाहू नका भाऊ, पुढे ऐका,” वहिनी म्हणाल्या. पालकसभेत त्या वर्गशिक्षिकांना भेटल्या तेव्हा मुलीचे नाव ऐकून बाई क्षणभर आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, “अच्छा, ती होय! तिचा काहीच त्रास नाही.” वहिनींना ते वाक्य लागले होते. “त्रास नाही म्हणजे काय, भाऊ? वर्गात असून नसल्यासारखीच ना?”

खरे दुखणे त्याच्याही पुढचे होते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चार मुलींच्या गटाने पाणी गाळण्याचे एक उपकरण केले होते. वाळू, खडी आणि कोळसा यांचे थर. मूळ कल्पना या मुलीची. घरात पाण्याच्या भांड्यावर नित्य बांधले जाणारे गळणे पाहून तिला ती सुचली होती. आठ दिवस तिने एकेक लिटर पाणी गाळून, त्यास किती वेळ लागला आणि ते किती स्वच्छ झाले, याची वही लिहिली. प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षकांपुढे बोलली ती गटातील दुसरीच मुलगी, आणि ती चांगली बोलली. उपकरण पुढच्या फेरीसाठी निवडले गेले, नियमाप्रमाणे दोन नावे पाठवावयाची होती, आणि त्या दोहोंत या मुलीचे नाव नव्हते. घरी तिने चकार शब्द काढला नाही. चार दिवसांनी दुसऱ्या एका मुलीच्या आईकडून वहिनींना हे कळले. विचारल्यावर मुलगी एवढेच म्हणाली, “जाऊ दे ना मम्मी.” त्या रात्री तिने ती वही कपाटाच्या तळाशी ठेवून दिली. पुढच्या प्रदर्शनात भाग घेणार नाही, असेही तिने आईला सांगितले.

शेठांची चिंता निराळी होती. “साहेब, आपला व्यापार तोंडावर चालतो. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे सोने पडून राहते. हिला वक्तृत्वाच्या क्लासला घालू का? महिन्याभरात तोंड उघडेल म्हणतात.”

मी त्यांना तत्काळ उत्तर दिले नाही, कारण या प्रश्नापुढे मी स्वतः एक जुना देणेकरी आहे. तो हिशेब आधी वाचकांपुढे मांडणे मला आवश्यक वाटते.

१९९३ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. आमच्या शाखेत संगणक अद्याप आलेला नव्हता. बचत खात्यांची लेजरे हाताने लिहिली जात आणि ठरावीक काळाने त्यांतील सर्व शिल्लकांची बेरीज करून ती मुख्य खातेवहीशी जुळवावी लागे. एकदा ५४० रुपयांचा फरक निघाला आणि चार दिवस सापडेना. फरकाला नऊने भाग गेला की कोठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी, हा हिशेबनिसांचा जुना ठोकताळा आहे. आमचे एक अबोल लिपिक दोन संध्याकाळ एकटे बसून पाने उलटीत राहिले. ८,७१० च्या जागी ८,१७० लिहिले गेल्याचे त्यांना आढळले. त्यांनी ते शेजारच्या सहकाऱ्यास दाखविले, आणि तो सहकारी माझ्या केबिनमध्ये धावत येऊन म्हणाला, “साहेब, सापडला फरक!” मी सर्वांसमक्ष त्याची पाठ थोपटली, सगळ्यांना चहा मागविला. ज्यांनी फरक शोधला ते आपल्या टेबलाशी उभे राहून लेजरे आवरीत होते.

त्याच वर्षी बढतीच्या मुलाखतींपूर्वी दोघांविषयी माझा अभिप्राय मागविण्यात आला. त्या अबोल गृहस्थांविषयी मी लिहिले : ‘कामात चोख. पुढाकाराचा अभाव.’ बोलक्या सहकाऱ्यास बढती मिळाली, यांना त्या वर्षी मिळाली नाही.

काही वर्षांनी निरीक्षणाच्या कामासाठी मी त्याच शाखेत गेलो. एका जुन्या खात्याचा माग काढताना तेच लेजर समोर आले. दुरुस्तीच्या ओळीशेजारी पेन्सिलीची बारीक खूण होती, तारीख होती आणि खाली आद्याक्षरे होती. ती आद्याक्षरे बोलक्या सहकाऱ्याची नव्हती. मी त्या गृहस्थांना विचारले, “तेव्हा सांगितले का नाहीत?” ते म्हणाले, “साहेब, फरक सापडला, मग झाले.” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच मला ते अधिक जड गेले. पुरावा सर्व काळ त्या पानावर होता. मी पान उघडले नव्हते.

शेठांना मी ही हकिकत सांगितली आणि म्हणालो, “तुमच्या मुलीच्या बाईंना मी दोष देऊ शकत नाही. मी तीच चूक पगार घेऊन केली आहे.”

बँकेत एक संज्ञा आहे, ‘निष्क्रिय खाते’. बचत खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही, तर ते खाते निष्क्रिय गणले जाते. बँकेने जमा केलेले व्याज हा खातेदाराचा व्यवहार धरला जात नाही. अशा खात्यातील पैसा कोठे जात नाही, त्यावर व्याजही चढत राहते. दहा वर्षे लोटली तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग होते. तेव्हाही खातेदाराचा हक्क बुडत नाही, मात्र तो मागावा लागतो. काउंटरवरच्या माणसाला त्या खात्याची आठवण राहत नाही, कारण त्याच्यापुढे रोज येतात ती व्यवहाराची खाती. अबोल मुलाचे वर्गात असेच होते. शिल्लक भरपूर असते, उलाढाल दिसत नाही.

वर्गाचे गणित मांडून पाहू. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी दर पस्तीस मुलांमागे निदान एक शिक्षक असावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात शहरांतील आणि मोठ्या गावांतील कितीतरी वर्गांत पन्नास-साठ मुले असतात. पस्तीस मिनिटांची तासिका पन्नास मुलांत सारखी वाटली, तर एकेकाच्या वाट्याला बेचाळीस सेकंद येतात. हजेरी आणि फळ्यावरील लेखन वजा केले तर तेवढेही उरत नाहीत. अशा वेळी शिक्षकाची नजर दोन प्रकारच्या मुलांकडे ओढली जाते. एक, जो गोंधळ करतो आणि दुसरा, ज्याचा हात प्रश्न संपण्याआधीच वर असतो. मधल्या ओळीत बसून वही पूर्ण करणारे मूल शिक्षकाला दिलासा वाटते, आणि दिलाशाकडे कोणी पुन्हा वळून पाहत नाही.

यात प्रश्न विचारण्याच्या घाईचाही वाटा आहे. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विदुषीने १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे अभ्यासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतात, असे त्यांना आढळले. तोच अवकाश तीन सेकंदांपर्यंत किंवा अधिक वाढविला तेव्हा उत्तरे दीर्घ झाली, ‘माहीत नाही’ म्हणणे घटले आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. अंतर अवघे दोन सेकंदांचे, पण पुष्कळ मुलांचे सारे काम त्या दोन सेकंदांत चाललेले असते. ती आधी उत्तर मनात जुळवितात, तपासतात, आणि तोंड उघडावे तोवर दुसऱ्याचा आवाज आलेला असतो.

काही मुलांचा मूळ पिंडच असा असतो. हार्वर्ड विद्यापीठातील जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञांनी चार महिन्यांच्या बालकांपासून सुरुवात करून त्यांचा पुढे वर्षानुवर्षे मागोवा घेतला. नव्या आवाजाला, नव्या वस्तूला तीव्र प्रतिसाद देणारी बालके पुढे सावध आणि अबोल होण्याकडे अधिक झुकतात, असे त्यांना दिसले. म्हणजे हा आईच्या लाडाचा किंवा बापाच्या धाकाचाच परिणाम असतो असे नाही. तो दोषही नव्हे. त्याच वेळी त्यांतील सगळी मुले तशीच राहिली नाहीत, हेही केगन यांनी नोंदविले आहे. स्वभाव म्हणजे पाटीवरची पुसता न येणारी रेघ नव्हे.

येथे एक सावधगिरीची सूचना आधी देतो, कारण पुढचा सारा विचार त्यावर अवलंबून आहे. आपले मूल शांत आहे की गप्प झाले आहे, हे प्रथम पाहावे. घरी बोलणारे, हसणारे, भावंडांशी भांडणारे, एखाददुसरा मित्र असलेले आणि शाळेत मोजके बोलणारे मूल बहुधा स्वभावानेच शांत असते. पूर्वी बोलके असलेले मूल अचानक मिटले, सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखू लागले, डबा परत येऊ लागला, वस्तू हरवू लागल्या, तर कोणी त्रास देत आहे काय, याचा शोध घ्यावा. हाक मारली तरी लक्ष नसते असे दिसल्यास कान तपासून घ्यावेत. ऐकू कमी येणारी कितीतरी मुले ‘शांत’ म्हणून वर्षे काढतात. आणि घरी मोकळेपणाने बोलणारे मूल शाळेत महिनाभराहून अधिक काळ एक शब्दही बोलू शकत नसेल, तर तो हट्ट नव्हे. त्यास सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात, तो भीतीचा विकार आहे आणि बालमानसतज्ज्ञाकडे त्यावर उपचार होतात. अशा मुलाला रागावून बोलते करता येत नाही.

आमच्या शेठांची मुलगी यांपैकी कशात बसत नव्हती. धाकट्या भावाला ती गणित शिकविते, मैत्रिणीशी तासन्‌तास बोलते. तिचा स्वभाव शांत होता, एवढेच. म्हणून मी शेठांना म्हणालो, “वक्तृत्वाचा क्लास तूर्त राहू द्या. आधी आपण घरात काय करतो ते पाहू.”

आपल्या घरांत आणि दुकानांत माणसांचा राबता मोठा. पाहुणे आले की मुलाला पुढे ओढले जाते : “बोल ना, नमस्कार कर, कितवीत आहेस सांग.” मूल क्षणभर थांबते, तेवढ्यात आईच सांगते, “लाजाळू आहे हो आमची.” त्या एका क्षणात दोन गोष्टी घडतात. मुलाचे उत्तर आपण देऊन टाकतो आणि त्याच्या कपाळी एक शिक्का मारतो. शंभर वेळा ऐकल्यावर मूल तो शिक्का स्वतःची ओळख म्हणून वापरू लागते. एकत्र कुटुंबात आणखी एक भर पडते : “काकांचा मुलगा बघ, सुट्टीत गल्ल्यावर बसून गिऱ्हाईक करतो.” ज्याची तुलना होते त्याला त्यातून बोलणे येत नाही. आपण कमी आहोत एवढेच येते.

उलट बाजूचे समाधानही टाळावे. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ असे म्हणून काही पालक मनाची समजूत घालतात. प्रदर्शनात बोललेली ती दुसरी मुलगी उथळ नव्हती. तिला बोलता येत होते आणि तिने गटाचे काम पुढे नेले. आपल्या मुलाचे मोल सांगण्यासाठी दुसऱ्याचे मूल हलके करण्याची गरज नाही.

शेठांना मी विचारले, “तुमच्या दुकानात गादीवर बसून बोलता कोण?”

“मी.”

“आणि रोजमेळ कोणाच्या हाती?”

“मुनीमजींच्या. चोवीस वर्षे झाली.”

“ते किती बोलतात?”

शेठ हसले. मुनीमजी दिवसात दहा वाक्ये बोलत नाहीत, हे साऱ्या पेठेला ठाऊक आहे. त्यांच्या सहीवाचून दुकानाचा एक कागद हलत नाही, हेही ठाऊक आहे. व्यापारी माणसाला अबोल माणसाची किंमत कळत नाही असे मुळीच नाही. ती आपल्याच मुलाच्या बाबतीत आठवत नाही. आणि सोन्याची ती म्हण घेतली तरी, सोन्याचा भाव सराफ ओरडण्यावरून ठरवीत नाही, कसोटीवर घासून ठरवितो. कसोटीपर्यंत ते नेले पाहिजे, इतकेच.

ते नेण्याचे मार्ग काय? पहिला मार्ग शिक्षकांकडे जातो. पालकसभेच्या गर्दीत नव्हे, वेळ मागून वेगळे भेटावे. “तुमचे आमच्या मुलीकडे लक्ष नाही” या वाक्याने सुरुवात केली तर शिक्षक स्वतःचा बचाव करू लागतात आणि मूल बाजूला राहते. तक्रार घेऊन जाण्याऐवजी माहिती घेऊन जावे. वही न्यावी, तिने केलेले काम दाखवावे, घरी ती काय वाचते, काय जुळविते, ते सांगावे. मी जे पान उघडले नव्हते, ते पान शिक्षकांपुढे उघडून ठेवावे.

यास शाळेच्या व्यवस्थेतच जागा आहे. आपल्या राज्यात २०१० पासून पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. त्यातील आकारिक मूल्यमापनाची साधने अनेक आहेत : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय इत्यादी. तोंडी काम हे त्यांपैकी एक आहे, सर्वस्व नाही. शिवाय वर्णनात्मक नोंदींत विशेष प्रगती आणि आवड-छंद यांसाठीही जागा असते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील समग्र प्रगतिपत्रकाच्या कल्पनेत तर मुलाने स्वतःचे केलेले मूल्यमापन आणि सहाध्यायांचे मूल्यमापनही धरले आहे. ‘शांत, समाधानकारक’ या दोन शब्दांपलीकडे लिहिण्यास जागा आहे. शिक्षकांकडे लिहावयास मजकूर मात्र हवा.

शिक्षकांना तीन साध्या विनंत्या कराव्यात. एक, उद्या अमुक प्रश्न तुला विचारीन, असे आदल्या दिवशी तिला सांगावे. तयारीला रात्र मिळाली की अशी मुले बोलतात. दोन, वर्गाला उत्तर देण्याआधी शेजारच्या एका मुलीशी बोलून घेण्याची मुभा द्यावी, किंवा उत्तर लिहून देऊ द्यावे. तीन, तिला जबाबदारीचे काम द्यावे : ग्रंथालयाची नोंद, प्रयोगशाळेचे साहित्य, हस्तलिखित अंकाचे संपादन. बहुतेक शिक्षक या विनंत्या आनंदाने मानतात, कारण त्यांत त्यांच्यावर आरोप नसतो.

लिहून देण्यास मी कमी लेखीत नाही. महात्मा गांधी लंडनमध्ये शिकत असताना तेथील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते. सभांना ते नियमित जात, पण तोंड उघडीत नसत. एका सदस्यास मंडळातून दूर करण्याचा प्रश्न आला, तेव्हा गांधीजींना तो अन्याय वाटला. बोलण्याचे धैर्य होईना, म्हणून त्यांनी आपले म्हणणे कागदावर लिहून नेले. तेही त्यांच्याने वाचवले नाही आणि अध्यक्षांनी ते दुसऱ्याकडून वाचून घेतले. त्या दिवशी त्यांची बाजू हरली. पुढे मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात ते उलटतपासणीस उभे राहिले आणि प्रश्न न सुचल्याने खाली बसले. फी त्यांनी परत केली. आत्मकथेत हे सारे त्यांनी स्वतःच सांगितले आहे आणि या संकोचानेच आपल्याला शब्द जपून वापरण्यास शिकविले, असेही म्हटले आहे. मला त्यातील तो कागद महत्त्वाचा वाटतो. आवाज फुटत नव्हता, तरी म्हणणे त्यांनी गिळले नाही. दुसऱ्याच्या तोंडून का होईना, पण ते सभेपुढे ठेवले.

दुसरा मार्ग मुलीपाशीच आहे. आपल्या घरांत नम्रतेचा संस्कार लहानपणापासून होतो. मान हा चार कषायांपैकी एक, हे पाठशाळेत जाणारे मूल जाणते. तो संस्कार मोलाचा आहे. पण स्वतःच्या कामावर स्वतःचे नाव घालणे हा मान नव्हे, ती नोंद आहे. सही नसलेली हुंडी कोणी सकारीत नाही आणि सही करणाऱ्याला कोणी गर्विष्ठ म्हणत नाही. ‘ही वही मी लिहिली’ एवढे पाच मिनिटे आधी बाईंना सांगणे, वहीवर नाव व तारीख घालणे, गटाच्या कामात कोणी काय केले याची यादी सुरुवातीसच करून ठेवणे, हे मुलांना शिकविता येते. माझ्या त्या सहकाऱ्यांनी निदान आद्याक्षरे तरी घातली होती. ती नसती, तर माझी चूक मला कधीच कळली नसती.

तिसरी गोष्ट निष्क्रिय खात्याच्या नियमातच आहे. खाते सुरू करावयाचे तर व्यवहार खातेदारानेच करावा लागतो. बापाने कितीही सांगितले तरी चालत नाही. रक्कम मोठी नको, शंभर रुपये पुरतात. मुलांचेही तसेच. स्टेशनरीच्या दुकानात स्वतः जाऊन वही मागणे, आत्याला स्वतः फोन करणे, तास संपल्यावर बाईंना एक शंका विचारणे, असे छोटे व्यवहार तिचे तिने करावेत. त्या वेळी आपण गप्प राहावे. मनात पाच अंक मोजावेत. आपल्यासारख्या बोलत्या माणसांना हेच सर्वांत अवघड जाते.

पुढे काय झाले, तेही सांगतो. वहिनी वही घेऊन बाईंना भेटल्या. बाईंनी ती पाने उलटली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे मला कोणी दाखविलेच नाही.” पाठविलेली नावे बदलणे शक्य नव्हते, ती बदलली गेली नाहीत. परंतु उपकरणासोबत जी वही पुढे जावयाची होती, तिच्यावर तिच्या लेखिकेचे नाव घातले गेले आणि वर्गात बाईंनी त्यातील दोन पाने स्वतः वाचून दाखविली. मुलगी अजून हात वर करीत नाही. मात्र ती वही आता कपाटाच्या तळाशी नसते, आणि यंदाच्या प्रदर्शनासाठी तिने नाव दिले आहे.

मागील महिन्यात शेठ तिला घेऊन बँकेत गेले, मीही सोबत होतो. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना बँकेने घातलेल्या मर्यादेत बचत खाते स्वतः उघडून चालविता येते, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. काउंटरवरील तरुणाने सवयीने शेठांकडे पाहून विचारले, “नाव काय मुलीचे?” शेठांचे तोंड उघडले आणि मिटले. मी त्यांच्याकडे पाहत होतो. आयुष्यात इतका वेळ गप्प राहण्याचा त्यांचा बहुधा पहिलाच प्रसंग असावा. मुलीने हळू आवाजात नाव सांगितले. तरुणाला ऐकू आले नाही. तिने पुन्हा सांगितले. स्लिप तिने स्वतः भरली, अंकांत आणि अक्षरांत रक्कम लिहिली, सही केली.

आम्ही दाराशी पोहोचलो तेव्हा ती मागे राहिल्याचे लक्षात आले. शेठ वळून जाऊ लागले, मी त्यांचा हात धरला. ती पुन्हा काउंटरशी गेली होती आणि हातातील पावती पुढे करून म्हणत होती, “दादा, यावर शिक्का राहिला.”

तरुणाने शिक्का मारून दिला. बाहेर आल्यावर शेठ मला म्हणाले, “साहेब, माझ्या तर ते लक्षातही आले नव्हते.”

वाचकहो, आपल्या घरात असे एखादे मूल असेल, तर या आठवड्यात त्याची एक वही उघडून शेवटच्या पानापर्यंत पाहा. मग ती त्याच्या शिक्षकांना दाखवून या.